मी कच्चा ठरवलेला दगड

परळीत कबरीचे दगड घडवणारा माणूस लिंगायत होता, हे सांगितलं की बाहेरगावचे लोक हसतात. परळीचे हसत नाहीत. वैजनाथाच्या गावात दगडाचं काम करणाऱ्याला सगळ्यांचंच करावं लागतं. सकाळी समाधीवरचा नंदी, दुपारी मशिदीच्या पायऱ्या, संध्याकाळी कुणाच्या तरी अब्बांचा कतबा, म्हणजे कबरीच्या उशाशी उभा करायचा नावाचा दगड. माझ्या वडिलांनी जाती, पाटे-वरवंटे आणि उंबरे घडवले. कतब्याचं काम मी सुरू केलं आणि हात थरथरायला लागेपर्यंत केलं. उर्दू मला वाचता येत नाही. कातिब, म्हणजे वळणदार उर्दू लिहिणारा लेखनिक, कागदावर लिहून द्यायचा, मी ते गेरूनं दगडावर उतरवायचो आणि छिन्नीनं कोरायचो. एक नुक्ता, अक्षराचा एक ठिपका, माझ्या हातून कधी सुटला नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

दगड निवडायची रीत सोपी आहे. हातोडीनं हलकेच ठोकायचा. आतून धड असेल तर घंटेसारखा खणखणतो. आत चीर किंवा मऊ थर असेल तर बद्द वाजतो. त्याला आम्ही कच्चा म्हणतो. कच्च्यावर मोठी अक्षरं कशीबशी तगतात, बारीक नक्षी कपच्यांसारखी उडून जाते. काम पसंत पडलं की दगडाच्या तळाशी, मातीत जाणाऱ्या भागावर, मी छिन्नीचे तीन आडवे घाव घालायचो. कपाळावरच्या विभूतीसारखे. ते कुणाला दिसत नसत. दिसायचं कारणही नव्हतं. ती माझी हमी होती.

या धंद्यात दगडापेक्षा दिशा जास्त शिकावी लागते. आमच्यात माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवतात, हातात इष्टलिंग देतात आणि बसलेलाच मातीआड करतात. त्यामुळं आमचा खड्डा चौकोनी असतो. मुसलमानांची कबर दक्षिणोत्तर. डोकं उत्तरेला, माणूस उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला, काब्याकडं. आणि परळीच्या बाहेर, थर्मल वीजकेंद्राच्या राखेच्या वाटेवर सोपानरावांच्या शेतात बहाई लोकांचं छोटं दफनस्थान आहे. तिथल्या कबरी दोन्हींपेक्षा वेगळ्या. तिरक्या, पाय वायव्येला.

सोपानराव धनगराच्या घरचे, टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबावर चढत चढत ते कुठं पाचगणीच्या शिबिराला गेले आणि बहाई होऊन आले. नाव तेच, धोतर तेच, भाकरी तीच. माझ्या दुकानासमोरच्या बाकड्यावर ते रोज येऊन बसत. त्याच बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बशीरभाई बसत. बशीरभाई शिंपी, दुकान स्टेशनाजवळ. ते अहमदी. लोक त्यांना कादियानी म्हणायचे. तो शब्द त्यांना लागायचा, पण ते बोलून दाखवत नसत, फक्त चहाचा कप खाली ठेवत.

गावाच्या लेखी हे दोघं एकच. ना इकडचे, ना तिकडचे, नवे पंथवाले. खरं सांगायचं तर माझ्याही लेखी तसंच होतं.

एकदा मी टाकी चालवत होतो आणि तोंडानं बोलून गेलो, "तुमचं दोघांचं एकच की हो."

दोघंही एकदम वळले. एरवी त्यांचं कशावरच एकमत होत नसे.

"एक कसं, अप्पा?" बशीरभाई म्हणाले. "मी मुसलमान हाय. कुराण तेच, कलमा तोच, पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, मक्केचा हज. काय बी बदललं न्हाई. ज्या मसीहाची, मेहदीची वाट सगळे बघतेत, ते कादियानला येऊन गेले असं आमी मानतो. एवढाच फरक."

"एवढाच म्हणतो आन् एवढ्यावरच सगळं गाव रुसलंय," सोपानराव म्हणाले.

"आन् तुमचं?"

"आमचं घरच निराळं. आमी मुसलमान न्हाई, हिंदू न्हाई, बहाई. इराणात सुरू झालं. पण कृष्ण, बुद्ध, येशू, महंमदसाहेब सगळे देवानंच धाडले असं धरतो. शाळेत पहिलीचा मास्तर, दुसरीचा मास्तर, प्रत्येक इयत्तेला पुस्तक बदलतं. या इयत्तेचं पुस्तक आमचं. नवा ग्रंथ, नवे नियम, नवी कालगणना."

"कृष्णाला आमी बी नबी मानतो," बशीरभाई म्हणाले. "पण पुस्तक बदलायचं न्हाई. शेवटचं पुस्तक आलं. नंतर जो आला तो चंद्रावानी. उजेड सूर्याचाच."

मी म्हटलं, "म्हणजे याच्या शाळेत नवं पुस्तक, आन् तुमच्या शाळेत पुस्तक जुनंच, शिकवायला नवा मास्तर."

बशीरभाईंनी थोडा विचार केला. "चालंल. पण मास्तर बी त्याच शाळेत शिकलेला, हे लिवा."

आज लिहिलं.

पुढं मी त्यांच्याकडून बरंच शिकलो. बहाईंचा उपवास मार्चात, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत, आणि तो सुटला की त्यांचं नवं वर्ष. अहमदींचा रमजान आणि ईद सगळ्या मुसलमानांबरोबर. बहाईंत मौलवी नाही, पुजारी नाही. ते आपल्यातले नऊजण मतदानानं निवडतात, आणि मत मागणं हाच तिथं गुन्हा. ("आपल्या तालुक्यात चालायचं न्हाई ते," बशीरभाई म्हणत.) अहमदींना एक खलिफा असतो आणि त्याचा शब्द जगभर मानतात. अहमदी इमामामागं रांगेत उभे राहून नमाज पढतात. बहाई आपली रोजची प्रार्थना एकेकटे करतात. फक्त मयताची प्रार्थना तेवढी सगळ्यांनी मिळून. एकजण म्हणतो, बाकीचे उभे राहतात. बहाई माणूस वारला तर तासाभराच्या वाटेपेक्षा लांब त्याला नेत नाहीत. म्हणून तर सोपानरावांना स्वतःच्या शेतातला कोपरा द्यावा लागला.

पाय वायव्येला का, हे मी पहिल्याच कबरीच्या वेळी विचारलं होतं. त्यांचं पवित्र ठिकाण अक्का नावाच्या गावाजवळ आहे, समुद्राकाठी, तिकडं पाय.

"कुणाच्या अक्काकडं?" बशीरभाईंनी लगेच विचारलं. "आन् देवाच्या ठिकाणाकडं पाय? आमच्यात मार पडंल."

"आरं, निजलेला माणूस उठून उभा राह्यला तर त्याचं तोंड कुणीकडं होईल?" सोपानराव म्हणाले.

बशीरभाई बाकड्यावर आडवे झाले, मग उठून उभे राहिले, आणि थेट थर्मलच्या चिमणीकडं तोंड करून म्हणाले, "खरं हाय की बे!"

असे ते दोघे. मी त्यांच्यामध्ये बसून दगड फोडत होतो आणि मला वाटत होतं, आता मला यातलं सगळं समजलं.

बशीरभाईंची बायको जमीलाबी उन्हाळ्यात वारली. ताप डोक्यात गेला. त्यांची मुलगी नसीम तेव्हा अजून शाळेत जात होती. बशीरभाई कब्रस्तानच्या पंचांकडं गेले. पंचांतले वडीलधारे करीमचाचा माझे जुने गिऱ्हाईक, चांगला माणूस. त्यांनी बशीरभाईंना बसवलं, पाणी दिलं आणि नाही म्हणाले. पैगंबरी महंमदसाहेबांवर पूर्ण झाली, त्यानंतर कुणाला नबी मानणारा आमच्यातला नाही, तेव्हा आमच्या जागेत कबर देता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. बशीरभाईंचं म्हणणं, मीही तोच कलमा म्हणतो. दोघांच्या श्रद्धेच्या मुळाशीच ती गाठ होती. ती एका दुपारी सुटणार नव्हती.

ते दुकानावर आले तेव्हा सोपानराव बाकड्यावरच होते. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "माझा कोपरा हाय ना. चल."

बशीरभाईंचे नातलग आणि नमाज पढवणारे इमाम कर्नाटकातून गाडीनं येणार होते. सोपानराव बशीरभाईंबरोबर स्टेशनवर गेले. कबर खणायचं माझ्यावर सोपवलं. मी दोन गडी घेतले, शेतात गेलो, खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. शेजारच्या कबरींना अगदी समांतर. त्या कोपऱ्यात मी जेवढ्या कबरी आखल्या तेवढ्या तशाच आखल्या होत्या. हात आपोआप तिकडंच गेला. मुरूम कठीण, पण खड्डा असा सुबक झाला की गडीसुद्धा म्हणाले, अप्पा, लेव्हल लावल्यासारखा हाय.

ऊन कलायला लागलं तेव्हा जनाजा आला. बशीरभाईंनी खांदा दिला होता. तिरडीसारखी ती डोली खाली ठेवली, घाम पुसला, खड्ड्याकडं पाहिलं. मग मावळतीकडं पाहिलं. परत खड्ड्याकडं.

"अप्पा," ते अगदी हळू म्हणाले, "ही कुणाची कबर?"

अख्ख्या परळीत कबरींच्या दिशा जाणणारा म्हणून मिरवणारा माणूस मी. जमीलाबी मुसलमान म्हणून जगली, मुसलमान म्हणून गेली, आणि मी तिच्यासाठी बहाई कबर खणून ठेवली होती. माझ्या डोक्यात ते दोघे अजून एकच होते, हे मुरमात स्पष्ट लिहिलेलं होतं.

पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. मग सोपानरावांनी धोतराचा काचा मारला, कुदळ उचलली आणि म्हणाले, "तो खड्डा राहू द्या. माझ्या मापाचा दिसतोय, माझ्या कामी येईल."

बशीरभाईंच्या घशातून एक आवाज आला. आधी मला वाटलं हुंदका. पण ते हसत होते. हसता हसता रडले आणि मग त्यांनीही कुदळ घेतली. आम्ही सगळ्यांनी मिळून दुसरी कबर खणली. दक्षिणोत्तर. पाहुण्यांनी, गड्यांनी, बहाई मंडळींनी, मी. मातीत उतरून मी स्वतः कड छाटली. बायकांनी दिवा लावायच्या वेळेच्या आत जमीलाबी काब्याकडं तोंड करून निजली. त्याआधी अहमदी रांगेत उभे राहून जनाज्याची नमाज पढले. बहाई मंडळी बाजूला स्तब्ध उभी होती. रस्त्यापलीकडं लिंबाखाली करीमचाचा एकटेच उभे दिसले. त्यांनी हात उचलून आपल्यापुरती दुआ केली आणि मागं न बघता निघून गेले.

त्या संध्याकाळचा मला आजही अभिमान वाटतो. चूक माझी होती, पण ती सगळ्यांनी मिळून अशी निस्तरली की चुकीचीच एक चांगली गोष्ट झाली. हा प्रसंग मी पुष्कळ ठिकाणी रंगवून सांगितला, टाळ्याही घेतल्या. पण मी तो नेहमी इथंच संपवत आलो. पुढचं सांगत नव्हतो. ते आज सांगायचं आहे.

बशीरभाईंनी कातिबाकडून कलमा लिहून आणला. खाली जमीलाबीचं नाव. दगड मी आधीच काढून ठेवला होता, काळा पाषाण, माझ्या दुकानातला सगळ्यात चांगला. ठोकला की अंगणभर आवाज जायचा. काम सुरू करणार, तेवढ्यात चौकात कुजबुज कानावर आली. अहमदीच्या कबरीवर कलमा लागला तर पोरं दगड राहू देणार नाहीत, वगैरे. कोण म्हणालं, कुणाला म्हणालं, मी चौकशी केली नाही. मी घाबरलो. आणि नुसता दगडासाठी घाबरलो असं म्हणालो तर तेही खोटं होईल. कतबे करून घ्यायला माझ्याकडं येणारे सगळे करीमचाचांच्या गल्लीतले होते. ते तुटले असते तर दुकानात नुसते पाटे-वरवंटे राहिले असते.

मी बशीरभाईंना म्हणालो, "दगडावर बहाईंचा नऊ कोनांचा तारा घालू. त्यांच्याच जागेत हाय, कुणी हात लावणार न्हाई. नाव मराठीत मोठ्या अक्षरात."

"ताऱ्याचं बघा तुमी," ते म्हणाले, "पण कलमा तरी घाला, अप्पा. तेवढंच तिचं हाय."

तेव्हा मी हातोडी उचलली नाही. दगडावर नुसता तळवा ठेवला आणि म्हणालो, "दगड कच्चा निघाला, बशीरभाई. बारीक अक्षर धरणार न्हाई. उडून जाईल. कलम्याचा तुकडा पडलेला बरा दिसंल का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. दगडातलं त्यांना काय कळणार? मी त्यांच्या शिवणीवर जसा विश्वास टाकायचो तसा त्यांनी माझ्या शब्दावर टाकला. "तुमी म्हणता तर तसं," म्हणाले आणि कातिबाचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

मी तारा कोरला. नऊच्या नऊ कोन टोकदार, एक कपची उडाली नाही. कच्च्या दगडावर असा तारा निघत नाही, हे शिकाऊ माणसालाही कळलं असतं. तळाचे तीन घाव मात्र मी घातले नाहीत. हात धजला नाही.

दगड पुरा झाला तेव्हा सोपानराव बाकड्यावरून उठून तो बघायला आले. "अप्पा, आमच्यात खरं बोलणं हा सगळ्या गुणांचा पाया समजतेत. आमच्या ताऱ्याला खोट्या साक्षीला कावून उभं केलंस?"

"तिच्या भल्यासाठी."

"तिच्या की तुझ्या?" एवढं विचारून त्यांनी विषय सोडला. बाकड्यावर येणं मात्र सोडलं नाही.

बशीरभाई पुढं दुकान मोडून मुलीला घेऊन कर्नाटकात भावाकडं गेले. तिथंच वारले. मी मात्र त्या कोपऱ्यात कामाला जात राहिलो. थर्मलची राख दगडांवर बसते, पावसात धुऊन जाते, कोरलेल्या रेघांत तेवढी उरते. त्या दगडावर राखेनं भरलेला तारा पांढराशुभ्र दिसायचा. नवीन बहाई मंडळी त्या कबरीसमोर उभी राहून विचारायची, या बहाई भगिनी कोण? मी म्हणायचो, होत्या एक.

परवाच्या वर्षी करीमचाचा आजारी होते. भेटायला गेलो. बोलता बोलता, का कोण जाणे, मी त्या दगडाची गोष्ट त्यांना सांगितली. ते उशीवरून अर्धे उठले. "अप्पा, जागा दिली नाही, ती आमच्या अकिद्याची, श्रद्धेची बात होती. पण मेलेल्या बाईच्या दगडाला हात लावणारी माणसं वाटलो का आम्ही तुला?"

म्हणजे मी एका दगडावर तिघांना खोटं पाडलं होतं. बशीरभाईंना, सोपानरावांना आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्या करीमचाचांना.

या उन्हाळ्यात नसीम आली. आता ती तिकडं शाळेत शिकवते. आईच्या कबरीवर जायचं होतं, म्हणून वाट विचारत दुकानावर आली. माझा मुलगा आता मशीनवर ग्रॅनाइट कापतो, त्यानं तिला माझ्याकडं आणलं. सोपानराव बाकड्यावर होतेच, कान गेलेले, दात गेलेले, बाकी सगळं शाबूत.

शेतात दगडासमोर उभी राहून ती म्हणाली, "अब्बू नेहमी सांगायचे, दगड कच्चा होता म्हणून कलमा राहिला. कुणी नावं ठेवली की भांडायचे. म्हणायचे, अप्पांनी बघून सांगितलंय, अप्पांना दगडातलं कळतं."

माझ्या पिशवीत हातोडी होती. ती असतेच. मी काढली आणि दगडाच्या माथ्यावर ठोकली. इतक्या वर्षांनी तो तसाच खणखणला. शेतातले होले उडाले. बहिऱ्या सोपानरावांनीसुद्धा मान वळवली.

"हा आवाज ऐक, बाई," मी म्हणालो. "कच्चा दगड असा वाजत न्हाई. तुझ्या अब्बूला मी खोटं सांगितलं."

तिनं ओढणीनं ताऱ्यातली राख पुसली. मग म्हणाली, "अब्बू तर तेच खरं धरून गेले." मी हातोडी पिशवीत ठेवली. तीच पुढं म्हणाली, "आता कोराल?"

"याच दगडावर," मी म्हणालो.

मुलगा म्हणाला, मशीनवर घ्या, तुमचे हात थरथरतात. मी नाही म्हणालो. दगड उपटून अंगणात आणला. आधी तारा उतरवायचा होता, त्यासाठी सोपानरावांना विचारलं. कानाशी ओरडून विचारावं लागलं.

"काढ, काढ," ते म्हणाले. "माझ्या दगडावर घाल. आन् माझा तो खड्डा तुमी भरून टाकलात, तेवढा परत खणून ठिव!"

ताऱ्याची जागा मी बोटभर खोल उतरवली आणि घासून आरशासारखी केली. कातिब आता राहिले नाहीत. म्हणून नसीमच्या हातात गेरूची वाटी दिली. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि थेट दगडावर कलमा लिहिला, उजवीकडून डावीकडं, कुठंही न अडखळता. मी तिच्या रेघेमागं छिन्नी नेली. हात थरथरत होता. पण टोक दगडाला टेकलं की थांबायचा. थोडं थोडं करत पुरं झालं. खाली उर्दूत आईचं नाव, त्याखाली तिच्या सांगण्यावरून एक शब्द, अहमदी. एक नुक्ता सुटला नाही. कपची उडाली नाही.

करीमचाचांना आता चालवत नाही. त्यांनी नातवाबरोबर गुलाबपाण्याची बाटली धाडली. नसीमनं ती दगडावर शिंपडली.

दगड परत शेतात नेला, आणि उभा करायच्या आधी मी तो आडवा केला आणि तळाशी तीन घाव घातले.

"हे काय, अप्पा?" नसीमनं विचारलं. "हा भाग तर मातीत जाणार."

"ही माझी सही," मी म्हणालो. "मागच्या खेपेला करायची राहिली होती."

तिनं तीन रेघांवरून एकदा बोट फिरवलं. मग आम्ही दोघांनी मिळून दगड उभा केला, आणि माती लोटली.